भोंग्याचें शहर

खेडें आणि महानगर यांच्या मधल्या पायरीवर जीं शहरें उभीं आहेत, त्यांचा इतिहास लिहिण्याची हौस फारशी कोणास नसते. मुंबईवर ग्रंथ झाले. पुण्यावर तर झालेच झाले. परंतु ज्या गांवीं बाजारांतून जाणारा गृहस्थ चार ओळखीचे नमस्कार घेतल्यावांचून घरीं पोहोंचत नाहीं, आणि तरीहि ज्याच्या पेठांतून परमुलखांतील हजारों कुटुंबें संसार थाटून बसलीं आहेत, अशा गांवाचें जीवन कसें घडतें हें पाहण्याजोगें असतें. सोलापूर हें अशांपैकींच एक.

सोलापुरास नगरपालिका मिळाली ती इ. स. १८५२ मध्यें, आणि आगगाडी आली १८६० मध्यें. आसपासच्या काळ्या जमिनींतील कापूस तोंवर बाहेर जाई. १८७७ सालीं गांवांतच कापडाची गिरणी सुरू झाली. तीच पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाऊं लागली; कारण तिच्या मागून नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णु अशा आणखी गिरण्या निघाल्या. हे दिवस मोठ्या दुष्काळाचे होते. शेत सोडून शहराकडे वळलेल्या माणसास गिरणीचा दरवाजा म्हणजे भाकरीचा दरवाजा वाटावा, यांत नवल नाहीं. १९०१ सालीं सुमारें पाऊण लाख असलेली वस्ती १९३१ पर्यंत सव्वा लाखाच्या वर गेली.

घड्याळ घरोघरीं नव्हतें, आणि त्यावांचून कोणाचें अडलेंहि नाहीं. पहांटे गिरणीचा भोंगा झाला कीं चूल पेटावयाची. दुसरा झाला कीं डबा बांधून माणूस वाटेस लागावयाचा. ज्याचा गिरणीशीं कांहीं संबंध नाहीं असा वकील वा भिक्षुकहि त्याच भोंग्यावर उठे. सबंध शहराचा दिवस एकाच आवाजानें उजाडावा, हें महानगरांत शक्य नाहीं आणि खेड्यांत त्याचें कारण नाहीं.

भाषेची गोष्ट तर याहून मौजेची आहे. तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर तेलुगु बोलत. पेठेंतला व्यापारी पुष्कळदां कानडी, कचेरी व शाळा मराठी, आणि कित्येक मोहल्ले उर्दू. घरांत एक, गल्लींत दुसरी व वर्गांत तिसरी भाषा बोलणारें मूल येथें कोणास विद्वान् वाटत नसे. मकरसंक्रांतीस सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते. बाराव्या शतकांतील या सिद्धपुरुषाचीं वचनें कानडी; पण त्याचे सात नंदीध्वज निघाले म्हणजे रस्त्याच्या दोहों बाजूंस उभे राहणारे लोक चारहि भाषांचे असतात.

या शहराचें जुनें दुखणें म्हणजे पाणी. पर्जन्य बेताचा आणि बेभरंवशाचा. इंग्रजी अमदानींत हिप्परगा येथें अदिला नदी अडवून १८७१ च्या सुमारास एकरुख तलाव पुरा करण्यांत आला. पुढें भीमेचें पाणी आणावें लागलें, आणि त्यानंतर शंभर किलोमीटरांहून लांब अशा उजनी धरणाकडे हात पसरावे लागले. इतकें करूनहि एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत नळास रोज पाणी येत नसे. तीन-तीन, चार-चार दिवसांची पाळी असे. हंडा कोणत्या दिवशीं भरावयाचा यावर येथल्या गृहिणींनीं लग्नकार्यांचे बेत आंखलेले आहेत.

आतां १९३० सालाकडे वळूं. मे महिन्याच्या आरंभीं गांधीजींस अटक झाल्याची वार्ता आली, आणि गिरण्यांचे कामगार बाहेर पडले. ८ मे रोजीं गोळीबार झाला. मग कांहीं दिवस पोलीस रस्त्यांवर दिसेनासे झाले, व गांवाची व्यवस्था काँग्रेसच्या स्वयंसेवकांनीं पाहिली. मागाहून सरकारनें लष्करी कायदा पुकारला. तो ३० जूनपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशीं देण्यांत आलें. या चार नांवांकडे नीट पाहिलें तर तीं एकाच पेठेंतील किंवा एकाच जातीचीं नाहींत. लहानशा शहरांत चौघांचींहि घरें लोकांस ठाऊक होतीं. मुंबईंत फांशीची बातमी वर्तमानपत्रांत वाचावयाची; येथें ती शेजारच्या दारांत उभी होती.

असें असलें तरी मध्यम शहराची खरी कसोटी लागते ती त्याचें एक दार बंद होतें तेव्हां. मुंबईस एक गिरणी बंद झाली तर कामगार दुसरीच्या फाटकाशीं जाऊन उभा राहूं शके. सोलापुरास १९४९ च्या ऑगस्टांत जुनी गिरणी बंद पडली, तेव्हां तिच्याबरोबर वाण्याची उधारीची वही, शाळेची फी आणि खोलीचें भाडें हीं सर्व लटकलीं. जानेवारी १९५० मध्यें केंद्रसरकारनें वटहुकूम काढून गिरणीची व्यवस्था आपल्या हातीं घेतली. त्यावर भागधारक न्यायालयांत गेले. १९५० सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका भागधारकाचा अर्ज फेटाळला; पण १९५३ मध्यें दुसऱ्या भागधारकाच्या दाव्यांत तोच कायदा घटनाविरोधी ठरविला. कायद्याच्या विद्यार्थ्यांस सोलापूर प्रथम भेटतें तें या खटल्यांत, चादरींत नव्हे! निकालांत भागधारकांच्या हक्कांची चर्चा पानेंच्या पानें आहे. भोंगा बंद झाल्यावर पहांटे सवयीनें जागा होणारा मनुष्य काय करीत असे, हा प्रश्न अर्थातच न्यायालयापुढें नव्हता.

ही गिरणी १९६० च्या दशकांत कायमची बंद झाली. दुसऱ्याहि पुढें एकामागून एक गेल्या. शहर मात्र मोडलें नाहीं. विणकरांच्या घरांतील हातमागांच्या जागीं यंत्रमाग आले, चादरी व टॉवेल दूरवर जाऊं लागले; आणि ज्या घरांतील पुरुषाचें काम सुटलें, त्या घरांतील बाईनें मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. या विडी कामगार स्त्रियांसाठीं कुंभारी येथें दहा हजार घरांची वसाहत झाली, आणि २००६ सालीं त्या घरांच्या किल्ल्या त्यांच्या हातीं पडल्या. २०११ च्या शिरगणतींत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाखांवर होती. मुलें शिकून पुण्यास जातात, अशी तक्रार घरोघरीं ऐकूं येते. तीं संक्रांतीस गड्ड्यावर परत येतात, हेंहि तितकेंच खरें.

गिरणी जाऊन अर्ध्या शतकाहून अधिक काळ लोटला. तरी परगांवच्या पाहुण्यानें त्या बाजूचा पत्ता विचारला, तर रिक्षावाला अजूनहि ‘जुनी मिल’ असेंच सांगतो.