अर्धेच स्मरणात राहिलेले वाक्य

कोड अकाली वेगवान करण्याचा हव्यास हे साऱ्या अनर्थाचे मूळ, हे डोनाल्ड कनूथ यांचे १९७४ चे मत जगभर गाजले. संदर्भ मात्र हरवला. किरकोळ बचत ९७ टक्के वेळा विसरावी, पण कळीचे ३ टक्के सोडू नयेत, असे त्यांचे पूर्ण म्हणणे होते.

त्यामागे मोजणी होती. १९७१ च्या त्यांच्या अभ्यासात फोरट्रान प्रोग्रामांचा निम्म्याहून अधिक वेळ सर्वसाधारणपणे ४ टक्क्यांहून कमी कोडात जात असल्याचे दिसले. ती जागा नुसत्या अंदाजाने सापडत नाही. सांगवीच्या शिवारात पाणी टेलला पोहोचले नाही, तर चारी कोठे फुटली हे आधी पाहतात. सबंध चारी कोणी उकरत नाही. न मोजता उकरलेला कोड दुर्बोध होतो, त्यात दोष लपतात आणि वेग बहुधा होता तेवढाच राहतो.