घड्याळात माईक आहे, पण आवाज रेकॉर्ड होतो का?

दीड-दोन हजारांत मिळणारं स्मार्टवॉच आता वाडी-वस्तीवरही मनगटामनगटावर दिसतं. त्यावर फोन घेता येतो, बोलता येतं. त्यामुळे अनेकांचा समज होतो की, माईक आहे म्हणजे समोरच्याचं बोलणंही टिपून ठेवता येणार. बांधाचा वाद, उसनवारीची बोलणी किंवा एखाद्या कार्यालयात कोणी पैसे मागितले तर कामाला येईल, या हिशेबाने काही जण घड्याळ घेतात. मग नेमक्या वेळी हाती काहीच लागत नाही.

कारण साधं आहे. या किमतीतली बहुतेक घड्याळं 'ब्लूटूथ कॉलिंग'ची असतात. त्यातला माईक कानातल्या ब्लूटूथ हेडफोनसारखा फक्त फोनपर्यंत आवाज पोचवतो. आवाज साठवायची सोय घड्याळात नसते. खोक्यावर 'व्हॉइस असिस्टंट' लिहिलेलं असलं तरी त्याने फोनमधला गुगल किंवा सिरी चालू होतो, रेकॉर्डिंगशी त्याचा संबंध नाही. काही मोजक्या मॉडेलमध्ये मात्र रेकॉर्डर दिलेला असतो. म्हणून दुकानातच तपासून घ्यावं. फोनचं ब्लूटूथ बंद करायचं, घड्याळाच्या मेनूत रेकॉर्डर उघडून मिनिटभर बोलायचं आणि ऐकून बघायचं. ब्लूटूथ बंद असताना आवाज परत ऐकू आला, तरच घड्याळ स्वतः रेकॉर्ड करतं.

महागड्या घड्याळांत ही सोय पक्की आहे. अॅपल वॉचमध्ये २०१९ पासून 'व्हॉइस मेमोज' अॅप आहे. केलेलं रेकॉर्डिंग आपोआप आयफोनवर जातं, पण त्यासाठी आयफोनच लागतो. सॅमसंगचं गॅलेक्सी वॉच ४ आणि त्यापुढची घड्याळं वेअर ओएसवर चालतात. त्यात प्ले स्टोअरमधून व्हॉइस रेकॉर्डर टाकता येतो.

खरं सांगायचं तर केवळ रेकॉर्डिंगसाठी एवढे पैसे घालण्यात अर्थ नाही. खिशातल्या फोनमधला रेकॉर्डर तेच काम करतो आणि बहुतेक वेळा जास्त चांगलं करतो. घड्याळाची खरी सोय हात गुंतलेले असताना होते. फवारणी सुरू आहे, कोणत्या सऱ्यांना कोणतं औषध मारलं ते लक्षात ठेवायचं आहे, तर मनगट तोंडाजवळ नेऊन दोन वाक्यं बोलली की काम झालं.

माईकचं भोक घड्याळाच्या कडेला असतं, टाचणीच्या टोकाएवढं. त्यात पाणी किंवा माती गेली की आवाज घोगरा येतो. वर शर्टाची बाही आली की नुसती खसखस ऐकू येते. वाऱ्यात तर विचारूच नका. जागेचं म्हणाल तर साधारण दर्जाचं रेकॉर्डिंग मिनिटाला एक एमबीच्या आसपास जागा घेतं. अडचण बॅटरीची असते, कारण ही घड्याळं एरवीही दीड-दोन दिवसच टिकतात.

पुरावा म्हणून चालतं का?

चालू शकतं, पण नुसती क्लिप ग्रुपवर फिरवून नाही. मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, लाच मागितल्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७२ सालीच फोनवरच्या बोलण्याची टेप ग्राह्य धरली होती. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. बोलणं प्रकरणाशी संबंधित हवं, आवाज ओळखता यायला हवा आणि टेपमध्ये फेरफार झालेला नाही हे दिसायला हवं, अशा अटी त्यात होत्या.

टेपच्या जागी मोबाइल आल्यावर प्रमाणपत्राचा प्रश्न आला. त्यावरचा महत्त्वाचा निकाल जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून निघाला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत दिली तर सोबत कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून हजर केलं, तर मात्र प्रमाणपत्राची गरज नाही. तेव्हा जुन्या कायद्याचं कलम ६५-ब लागू होतं. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक रेकॉर्डिंग सादर करणाऱ्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाईलची 'हॅश व्हॅल्यू' म्हणजे तिचा आकडी ठसा लिहावा लागतो. फाईलमध्ये थोडा जरी बदल झाला, तरी हा ठसा बदलतो.

म्हणून रेकॉर्डिंगची काटछाट करू नये. 'नको ते बोलणं' पुसून टाकलं, की उरलेल्यावरही संशय येतो. वकिलाला व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर ऑडिओऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावं, म्हणजे फाईलचं नाव कायम राहतं. मूळ फाईल जागची हलवू नये.

आपण ज्या बोलण्यात स्वतः सामील आहोत ते टिपणं वेगळं आणि दुसऱ्या दोघांचं बोलणं चोरून टिपण्यासाठी घड्याळ कुठेतरी ठेवून येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात फिर्यादीच अडचणीत येऊ शकतो. क्लिप गावभर फिरवली तर बदनामीची तक्रारही होऊ शकते.

लाचेच्या बाबतीत तर फक्त घड्याळावर विसंबून राहूच नये. पैसे देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा. तक्रार आल्यावर विभाग पंचांसमोर मागणीची पडताळणी करतो आणि त्यासाठी स्वतःचा रेकॉर्डर देतो. नाइलाजाने पैसे द्यावेच लागले, तर सात दिवसांच्या आत तक्रार करायची आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि दबावाखाली पैसे दिलेल्याला सूट मिळते ती या मुदतीत कळवलं तरच.

शेवटची गोष्ट फोन बदलताना लक्षात ठेवायची. घड्याळ नव्या फोनला जोडताना बऱ्याचदा ते रीसेट करायला सांगतं आणि आतलं सगळं पुसलं जातं. कामाचं रेकॉर्डिंग त्यात असेल, तर आधी ते काढून घ्यावं. प्रकरण कोर्टात असेल तर ते घड्याळ रीसेट न करता तसंच बाजूला ठेवावं.