लाखाचं बक्षीस आणि सायकलचा डवरा

या वेळी पिकाचं नाही, अवजाराचं लिहितो. अन् जरा मागून सुरू करतो.

1929 साली अखिल भारत चरखा संघानं एक स्पर्धा जाहीर केली. खेड्यात चालेल असा सुधारलेला चरखा जो बनवून देईल त्याला 1 लाख रुपये बक्षीस. रक्कम मोठी होतीच, पण मला त्याहून मोठ्या वाटतात त्या अटी. चरखा हलका असावा, उचलून नेता यावा, साध्या घरात हातानं नाहीतर पायानं चालावा. बाईला 8 तास फारशी मेहनत न पडता त्यावर काम करता यावं. त्या 8 तासांत 12 ते 20 नंबरचं 16,000 फूट सूत निघावं. किंमत 150 रुपयांच्या वर जाऊ नये आणि तो आपल्याच देशात बनावा. वेळच्या वेळी देखभाल केली तर 20 वर्षं न थांबता चालावा, आणि त्या देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या 5 टक्क्यांच्या आत राहावा. म्हणजे 150 रुपयांच्या चरख्याला वर्षाला साडेसात रुपये.

आजच्या कोणत्याही ट्रॅक्टरच्या, पंपाच्या, फवारणी यंत्राच्या कागदावर ही शेवटची अट शोधून पाहा. वॉरंटी लिहिलेली असते, पण वीस वर्षांच्या दुरुस्तीचा हिशेब कोणी लिहून देत नाही.

देशभरातून नमुने गेले. आपल्या महाराष्ट्रातून किर्लोस्करवाडीला तयार झालेला चरखाही गेला. सगळ्या अटींत मात्र एकही बसला नाही, आणि बक्षीस कोणालाच मिळालं नाही. काही जण याला अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. अटी ढिल्या करून लाख रुपये वाटून टाकले असते, तर त्या अटी आज कोणाला आठवल्या असत्या?

आता आपल्या वर्ध्याकडे येऊ. 1934 च्या डिसेंबरात इथं अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. त्यासाठी जमनालाल बजाजांनी आपली बाग अन् बंगला देऊन टाकला. चरख्यासाठी आयुष्य घालवलेले मगनलाल गांधी 1928 ला गेले होते, त्यांच्या नावानं जागेला मगनवाडी म्हणू लागले. गांधीजी 1936 ला शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला जाण्याआधी इथंच होते. संघाचे चिटणीस जे. सी. कुमारप्पा. हा माणूस मूळचा हिशेबतपासनीस, लंडनला शिकलेला. यंत्राकडे पाहतानाही त्यांची नजर हिशेबाचीच: पैसा गावातून जातो किती आणि गावात राहतो किती.

मगनवाडीत तेलघाणीवर काम झालं. झव्हेरभाई पटेलांनी सुधारलेली ती घाणी पुढे ‘वर्धा घाणी’ या नावानं देशभर गेली. एका वेळी जास्त बी मावायचं, बैलाचं काम सुकर व्हायचं. लाकडी घाण्याचं तेल आज शहरात दुप्पट-तिप्पट भावानं विकतात, ते घेणाऱ्यांना वर्ध्याचं नाव माहीत नसतं ही गोष्ट वेगळी. रॉकेलऐवजी खाद्य नसलेल्या तेलावर जळणारा मगनदीप इथलाच. धूर बाहेर काढणारी मगनचूलही इथलीच. 30 डिसेंबर 1938 ला मगन संग्रहालय उघडलं, तेही गांधीजींच्या हातून. वर्ध्याला कोर्टकचेरीच्या कामानं जाताच, एकदा तिथंही जाऊन या.

चुलीची पुढची गोष्ट लोक कमी सांगतात. 1983 नंतर सरकारनं सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला आणि गावोगावी धूर कमी करणाऱ्या चुली बसल्या. बऱ्याच घरांत त्या फार टिकल्या नाहीत. धुराडं काजळीनं भरलं, चूल फुटली, आणि नीट करणारा माणूस गावात नव्हता. धूर कमी होणार होता हे खरं, पण 1929 ची ती देखभालीची अट तिथं कोणी लावली नव्हती.

हे सगळं सांगायचं कारण असं, की गेल्या महिन्यात सेलू तालुक्यातल्या एका गावी अवजारांच्या मेळाव्याला पहिल्यांदाच गेलो. असे मेळावे होतात हे ऐकून होतो, पण स्टेज, हार अन् भाषणं असतील म्हणून कधी पाय वळला नाही. तिथं तसलं काही नव्हतं. शाळेचं पटांगण, बाजूला वखरलेलं वावर, आणि पंचवीस-तीस माणसं. ज्यानं जे बनवलं ते खाली ठेवायचं, लोकांनी उचलून वावरात चालवायचं अन् तोंडावर सांगायचं.

माझं लक्ष होतं सायकलच्या डवऱ्यावर. जुन्या सायकलचं पुढचं चाक आणि हँडल, मागं डवऱ्याची पास. कल्पना आपल्याकडची नाही, जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीच्या गोपाळ भिसे यांनी ती बरीच वर्षं आधी केली आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं तिची दखलही घेतली. इथला पोरगा वेल्डिंगवाला. त्यानं ती पाहून आपल्या काळ्या मातीसाठी बदलली होती. पास अरुंद केली, चाकाला चिखल खरवडणारी पट्टी लावली.

पोरांनी झपझप चालवून दाखवला. मग बचत गटातल्या एका काकूंनी हातात घेतला. दहा पावलं गेल्या अन् थांबल्या.

“हे तुमच्यासाठी बनवलं हाय, मायासाठी नाही. हँडल वर हाय, खांदे भरून येते.”

“किती खाली पायजे काकू?”

“वीतभर. अन् दिवसभर चालवाचं हाय बापू, फोटोपुरतं नाही.”

पोरानं तिथंच खडूनं खूण केली. गावात गेला, अर्ध्या तासात दांड्याला चार भोकं पाडून आला. आता हँडल वर-खाली होतं. मला 1929 ची ती दुसरी अट आठवली, बाईला 8 तास चालवता यावं ही. ती अट लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की यंत्र शेवटी कोणाच्या हातात जाणार आहे. आपल्या वावरात निंदण बायाच करतात, आणि अवजारांच्या कार्यक्रमात पुढच्या खुर्च्यांवर पुरुष बसतात.

डवऱ्याबद्दल जे दिसलं ते तसंच सांगतो. वाफशावर तो छान चालतो. ओल जास्त असली तर पट्टी असूनही चाकाला माती चिकटते, आणि भेगाळलेल्या रानात पास वरूनच सरकते. दोन तासांमधलं तण निघतं, पऱ्हाटीच्या बुडाजवळचं हातानंच काढावं लागतं. पाऊस आठ-दहा दिवस लागून राहिला तर बैलाचा डवराही वावरात जात नाही, हा कसा जाईल? त्या दिवसांत तणनाशकवाल्यांचं फावतं, आणि त्यावर या मेळाव्यात कोणाजवळ उत्तर नव्हतं. एक-दोन एकरवाला, ज्यानं बैलजोडी विकून टाकली, त्याच्यासाठी मात्र ही वस्तू कामाची आहे.

दुरुस्तीचं मी मुद्दाम विचारलं. पास झिजली तर गावचा लोहार शेवटून देतो, बाकी सगळे भाग सायकलच्या दुकानात मिळतात. वीस वर्षांचं आज कोणी सांगू शकत नाही. म्हणून एक घरी आणला आहे, आणि खरीपभर दुरुस्तीला गेलेला प्रत्येक रुपया वहीत लिहिणार आहे. चालवणार आमच्या घरच्या बाया अन् शेजारच्या वावरातल्या दोघी, त्यांचंच मत इथं टाकीन.

अन् कोणाच्या माळ्यावर जुना मगनदीप पडला असेल तर भंगारात देऊ नका. आधी मला कळवा.