हवेवर चालणारं इंजिन हवेलाच का घाबरतं?

डिझेल फिल्टर घरीच बदलला आणि ट्रॅक्टर मिसिंग मारायला लागला, असे फोन मला पेरणीच्या तोंडावर हमखास येतात. दुखणं जुनं आहे.

रुडॉल्फ डिझेल यांचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीत आउग्सबुर्गला यशस्वी झालं. त्यात डिझेल फवारायला दाबलेली हवाच लागायची. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर, म्हणून इंजिन अवजड, एका जागी बसवलेलं. १९२७ मध्ये बॉशने इंजेक्शन पंप कारखान्यात बनवायला घेतले. कॉम्प्रेसरची गरज संपली, इंजिन आटोपशीर झालं, पुढं ट्रॅक्टरवर बसलं.

पण तेव्हापासून पाइपातली हवा वैरी झाली. डिझेल सहजी दबत नाही, हवा दबते. बुडबुडा राहिला की पंपाचा जोर त्यालाच दाबण्यात जातो, नोजल नीट उघडत नाही.

म्हणून आधी फिल्टरचा, मग पंपाचा एअर स्क्रू ढिला करून हातपंप मारा. बुडबुडे थांबले की आवळा. तरी मिसिंग असेल तर इंजिन चालू ठेवून एकेका नोजलच्या पाइपचा नट किंचित सैल करा. ज्यानं आवाज बदलत नाही, खोट त्याच सिलिंडरला.

हात मात्र लांब ठेवा. डिझेलची धार कातडीत घुसते. घुसलीच तर दुखो न दुखो, लगेच दवाखाना गाठा. आणि कॉमन रेल इंजिनचा नट चालू असताना कधीच सोडू नका. तिथला दाब हजार बारच्याही वर जातो.