वाशीचा भाव गावात पोहोचतो कसा?

वाशीला आज कांदा कसा गेला, हे आता आपल्या गटातली कुणीही मोबाईलवर बघून सांगते. आपल्या आया-सासवांना ते कळायचे पट्टी हातात आल्यावर. माल आधीच गेलेला असायचा, आणि पट्टीवरचा आकडा खरा मानण्यावाचून गत्यंतर नसायचे. हे कसे बदलले, ते आज आम्ही सांगणार आहोत.

मुंबईची कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ सालची. तेव्हा घाऊक बाजार मुंबई शहरातच भरत. भाजी भायखळ्याला, फळे क्रॉफर्ड मार्केटला. १९८१ मध्ये कांदा-बटाटा खाडीपलीकडे वाशीला आला. मागून मसाला आणि धान्य आले, आणि १९९६ मध्ये फळे व भाजीपाला. बाजाराची जागा बदलली, तरी भाव तोंडीच चाले. आंब्याच्या व्यवहारात तर रुमालाखाली बोटे धरून बोली होई. आकडा ठाऊक फक्त दोघांना. कोकणातल्या बागेत राबणाऱ्या बाईला तो कळणार कसा?

२००० साली केंद्र सरकारने ‘अ‍ॅगमार्कनेट’ सुरू केले. बाजार समित्यांमधून रोजची आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण भाव संगणकात भरून पाठवले जाऊ लागले. पण एका संगणकातला आकडा दुसऱ्यात जातो कसा? ते काम नेटवर्क कार्ड करते. त्यालाच अ‍ॅडॅप्टर म्हणतात.

तारेतून आकडा जात नाही, विजेचे ठोके जातात. कार्ड आकड्यांचे ठोके करते, पलीकडचे कार्ड ठोक्यांचे पुन्हा आकडे करते. मोबाईलमध्ये हेच काम रेडिओलहरींवर चालते.

ट्रकमधला माल गोणीगोणीने उतरतो, तसा मजकूरही तुकड्यातुकड्याने जातो. एका तुकड्यात फार तर १,५०० इंग्रजी अक्षरे मावतात. गोणीवर शेतकऱ्याची खूण आणि गाळ्याचा नंबर असतो, तसा तुकड्यावर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या कार्डाचा नंबर. हा नंबर १२ खुणांचा, कारखान्यातच दिलेला. दुसऱ्याच्या नंबराचा तुकडा आला तर कार्ड तो सोडून देते. प्रत्येक तुकड्यासोबत पडताळणीचा आकडाही असतो. हिशेब जुळला नाही, तर तुकडा बाद होतो आणि पुन्हा पाठवावा लागतो.

या विद्येचे मूळ आपल्या रेडिओतच आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी वेगवेगळ्या बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. दोघे एकदम बोलले की गोंधळ होई, मग थोडे थांबून पुन्हा पाठवायचे. १९७३ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी त्यावरून तारेची पद्धत बसवायला घेतली. नियम साधा: आधी ऐकायचे, वाट मोकळी असेल तरच बोलायचे. आपल्या गटाच्या बैठकीचाही नियम हाच.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. आकडा निघाला तसाच पोचला, एवढेच कार्ड तपासते. भरणाऱ्याने तो खरा भरला की नाही, हे त्याला कळत नाही. ते तपासायचे काम आपलेच.

म्हणून भाव बघताना बाजाराचे नाव आणि तारीख आधी बघा. जास्तीत जास्त भावावर हुरळू नका, सर्वसाधारण भाव धरा. भाव क्विंटलचा असतो, किलोचा काढायला १०० ने भागा. गाडीभाडे आणि हमाली वजा करूनच हाती काय येईल ते ठरवा. पट्टी आली की त्याच दिवसाच्या भावाशी ताडून गटाच्या वहीत लिहा. फरक मोठा दिसला, तर आडत्याला विचारा. उत्तर पटले नाही, तर पट्टी जोडून बाजार समितीकडे लेखी तक्रार करा. एकटीने नको, गटाच्या नावाने करा.