परस्परसंवादी डिजिटल साधने आणि भावी शिक्षकांचा दृष्टिकोन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : छत्रपती संभाजीनगर-बीड महामार्गावरील पाचोड हे पैठण तालुक्यातील गाव. अशा गावातील शाळेत उद्या अध्यापन करणारा छात्राध्यापक डिजिटल साधनांकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्न बहुधा वैयक्तिक आवडीचा समजला जातो. वस्तुतः या दृष्टिकोनामागे चार दशकांचा इतिहास आहे.

एकमार्गी साधनांचा काळ : १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली आणि तिचे मराठी शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून शाळांपर्यंत पोहोचू लागले. मात्र त्यांची वेळ, क्रम व गती शिक्षकाच्या हाती नव्हती. विद्यार्थ्याला शंका आली तरी कार्यक्रम थांबत नसे. २० सप्टेंबर २००४ रोजी प्रक्षेपित झालेल्या 'एज्युसॅट' या शैक्षणिक उपग्रहाने दुतर्फी संवादाची सोय केली. तरीही तज्ज्ञ दूरच्या स्टुडिओत आणि वर्ग श्रोत्याच्या भूमिकेत, ही मांडणी फारशी बदलली नाही. त्याच दशकात ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. अशा स्थितीत खडू-फळ्यावर विसंबणाऱ्या शिक्षकास तंत्रज्ञानविरोधी ठरविणे अन्यायाचे होईल. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार साधनाचा स्वीकार त्याची उपयुक्तता व सुलभता वापरणाऱ्यास कितपत जाणवते यावर अवलंबून असतो. येथे त्या जाणिवेला अनुभवाचा आधारच अपुरा होता.

शिक्षक निर्माता होतो तेव्हा : २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. त्याच वर्षी 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले आणि राज्याने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड देण्याचे धोरण स्वीकारले. या कोडचा प्रयोग सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आधीच केला होता. अभियांत्रिकीचे शिक्षण सोडून अध्यापक विद्यालयात आलेल्या या शिक्षकास २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. येथे साधन वरून आले नाही. वर्गाच्या गरजेतून शिक्षकाने ते घडविले.

प्रशिक्षणातील स्थान : राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीनुसार बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, त्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाच्या चिकित्सक आकलनास स्थान मिळाले आणि शालेय अनुभवासाठी एकूण २० आठवडे राखले गेले. २०२० च्या टाळेबंदीने मात्र ऑनलाइन अध्यापन निवडीपेक्षा निकडीचे केले, आणि निकडीतून आलेली सवय म्हणजे अनुकूल दृष्टिकोन नव्हे.

समारोप : साधन केवळ दाखविले गेले की शिक्षक प्रेक्षक होतो, ते हाताळून, बदलून, प्रसंगी नाकारण्याची मुभा मिळाली की तो अध्यापक राहतो. म्हणून छात्राध्यापकाच्या सराव पाठाचे मूल्यमापन करताना साधन वापरले की नाही, एवढेच पाहणे पुरेसे नाही. ते का वापरले, विद्यार्थ्याच्या प्रश्नाला त्यात वाव किती होता आणि वीज गेल्यावर पाठ कसा पुढे गेला, हेही विचारले पाहिजे. पाचोडसारख्या गावातील वर्गाचे भवितव्य या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.