चाळीस गुंठ्यांचा हिशेब

तलाठी भरतीच्या २०२३ सालच्या परीक्षेत शंभर प्रश्न होते आणि गुण दोनशे. त्यांतले पंचवीस प्रश्न बुद्धिमापन आणि अंकगणिताचे होते. व्याकरण, सामान्य ज्ञान पाठ करून निभावून नेता येते. अंकगणितात मात्र पोरे अडतात. सातारा, कऱ्हाड, मिरज इथल्या अभ्यासिकांत सकाळी मैदानावर धावून आलेली मुले दुपारभर शेकडेवारी, नफा-तोटा, भागीदारी, काळ-काम-वेग यांची गणिते सोडवत बसलेली दिसतात. त्यांत आपल्या समाजातली मुले-मुलीही असतात. 'सर, गणित आपल्याकडे नाहीच. आपण धंदेवाले,' असे त्यांच्यातलाच एखादा म्हणतो, तेव्हा आम्हाला नवल वाटते. कारण हे म्हणणारा मुलगा बागवानाचा असतो आणि तासगावच्या द्राक्षांच्या चार किलोच्या पेटीचा भाव ऐकून पाव किलोचा दर तो कागदाशिवाय सांगतो.

गणित आपले नाही, हा समज कुठून आला? निदान शब्दांवरून तरी तो येऊ नये. पहिलीतले मूल पाटीवर 'वजाबाकी' लिहिते, त्यातले 'वजा' अरबी आणि 'बाकी'ही अरबीच. शेजारचे गुणाकार-भागाकार संस्कृत. जमा, खर्च, रक्कम, वसूल, हिस्सा, वारस, खुद्द हिशेब हा शब्द, हे सगळे मराठीने इतके आपलेसे केले आहेत की त्यांचे गाव कोणी विचारत नाही. सातारा आणि मिरज आदिलशाहीत होते. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (१५३४-१५५८) महसुलाचे दप्तर फारसीतून काढून इथल्या भाषेत ठेवायला लावले, असे फेरिश्त्याने नोंदवले आहे. भाषा इथली आली, शब्द तिकडचे राहिले, आणि त्या मिश्रणातच आपला कुलकर्णी पुढची तीनशे वर्षे हिशेब लिहीत राहिला.

शास्त्राचेही तसेच. भरतीच्या पुस्तकात आज जे त्रैराशिक आहे, ते भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. ग्रंथाचा काळ ११५०. अकबराच्या सांगण्यावरून १५८७ साली फैजीने त्याचा फारसी अनुवाद केला. त्याच्याही सातशे वर्षे आधी बगदादमध्ये अल्-ख्वारिज्मीने भारतीय अंकांवर पुस्तक लिहिले होते; संगणकवाल्यांचा 'अल्गोरिदम' हा त्याच्याच नावाचा अपभ्रंश. बीजगणिताला जगभर ज्या पुस्तकावरून 'अल्जिब्रा' म्हणतात, तेही त्याचेच. या पुस्तकाचा फार मोठा भाग मृत्युपत्रे आणि वारसांच्या वाटण्यांच्या उदाहरणांनी भरलेला आहे, हे मात्र आपल्यात फारसे कोणी सांगत नाही. वाटण्या बिनचूक व्हाव्यात, ही त्या गणितामागची एक मोठी गरज होती.

वाटणी म्हणजे अपूर्णांक, आणि अपूर्णांक आपल्याकडे एकेकाळी तोंडपाठ असत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. सोळाची औटकी छप्पन. रुपया सोळा आण्यांचा आणि मण चाळीस शेरांचा होता, तोवर यांच्यावाचून बाजार चालत नव्हता. जमिनीचा हिस्सासुद्धा आणे-पैत लिहीत. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पाठोपाठ वजनेही दशमान झाली. सोय झाली, यात शंका नाही. पण औटकी शाळेतून गेली ती गेलीच. आता शिकवणीत 'ट्रिक' म्हणून सांगतात की साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश आणि सव्वासहा टक्के म्हणजे एक सोळांश, हे पाठ करा. आजोबांना हेच दोन आणे आणि एक आणा म्हणून ठाऊक होते. जकातीचे अडीच टक्के म्हणजे चाळिसावा हिस्सा, हे घरात दरवर्षी ऐकणारे मूलही परीक्षेत अडीच टक्के काढायला शंभराने भागत बसते.

बाजारातले हे तोंडी गणित शाळेच्या फळ्यापर्यंत नेणारी वाट आपल्या भागात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुंद केली. आजच्या सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे वसतिगृह, मग १९१९ साली कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था, १९२४ पासून साताऱ्याचे वसतिगृह. मराठा, जैन, महार, मांग, मुसलमान मुले तिथे एका पंगतीत जेवली. १९३५ साली संस्थेने साताऱ्यात शिक्षक घडवण्याचे विद्यालय काढले. पण सरकारी खुर्चीपर्यंत आपल्यातले थोडेच पोचले. सच्चर समितीने २००६ साली दाखवलेले आकडे सर्वांना पाठ आहेत: आयएएसमध्ये तीन टक्के, आयपीएसमध्ये चार. त्या अहवालावर आपण भाषणे खूप केली. सरावाची पुस्तके कमी सोडवली.

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. काम तेच आहे. माणूस मेला की वारसांची नोंद घ्यायची, फेरफार लिहायचा. म्हणजे ख्वारिज्मीचेच गणित. म्हणून एका अभ्यासिकेत आम्ही भागीदारीच्या प्रकरणानंतर पुस्तकाबाहेरचे एक उदाहरण फळ्यावर लिहिले. एक एकर जमीन, चाळीस गुंठे. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. सूरह निसाप्रमाणे पत्नीला एक अष्टमांश, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. प्रत्येकाला किती?

पाच मिनिटांत उत्तर आले. पत्नीला पाच गुंठे, मुलांना चौदा-चौदा, मुलीला सात. बेरीज चाळीस. मुलीला निम्माच का, हा वाद वेगळा, आणि तो आपल्यात झाला पाहिजे. पण जो निम्मा ठरवून दिला आहे, तो तरी कुठे मिळतो? भावाशी वाकडे नको, माहेर तुटायला नको, म्हणून बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. हिंदू कायद्यात २००५ साली मुलीला बरोबरीचा हक्क मिळाला, तरी शेजारच्या घरांतही तो कागद तसाच पुढे येतो.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, नानांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नानी आणि दोन्ही मामूंचीच नावं आहेत. अम्मीचं नाव नाही. मग हे कसं सोडवायचं?"

आम्ही काही बोलण्याआधी पुढच्या बाकावरच्या एका हुशार मुलाने हिशेब करून सांगितले, "नानींना पाच, मामूंना साडेसतरा-साडेसतरा."

त्याची बेरीजही चाळीसच येत होती.